शिट्टी वाजली की खटका

"लायनीले काई झालं नाई, काई होनार नाई, अन् मी मात्र याच खांबावर म्हातारा होईन," मारोती लाईनमन शिडीवर उभा राहून स्वतःशीच पुटपुटला.

स्वतःशीच म्हणजे त्याच्या समजुतीने. शिडी खाली कौशल्याबाईंनी धरलेली होती आणि त्यांचे कान शाबूत होते.

"काय म्हन्तं रे मारोती?"

"काई नाई बाई. वारं सुटलं म्हन्लं."

"वायर बदलली का?"

मारोतीने वरून खाली पाहिलं. "बाई, मागच्या महिन्यात वायर बदलली. त्याच्या मागच्या महिन्यात डबी बदलली. त्याच्या आंदी फोनच बदलला. आता काय बदलू, खांब?"

"जे बदलाचं थे बदल. अन् खाली उतरल्यावर सरांले सांग, लायनीत बिघाड होता म्हून."

"होता?"

"होता. चहा ठेवला हाय तुह्यासाठी."

मारोतीने जुनी तार सोडवली, तीच परत जोडली, पकड खिशात घातली आणि खाली उतरून ओसरीवर बसलेल्या बाईंच्या नवऱ्याच्या, वामनराव सरांच्या पुढ्यात, चांगलं तोंडासमोर उभं राहून, मोठ्याने सांगितलं, "सार, बिघाड होता! काढला!"

"मी म्हन्लंच होतं," सर म्हणाले.

तामसीत तेव्हा, म्हणजे सत्याण्णव साली, अकरा फोन होते. दहांची लाईन ठीक असायची. अकरावा फोन सरांचा. बिघाड तारेत नाही, सरांच्या कानात आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं. छत्तीस वर्षं ज्या माणसाने फळ्याकडे तोंड करून शेवटच्या रांगेतली कुजबुज पकडली, त्याला कोण सांगणार? अर्ध्या गावाचे कान त्यांनी स्वतःच्या हाताने पिळलेले होते. आता त्यांच्या कानाबद्दल बोलायची कोणाची छाती नव्हती.

फोनवर सरांची पद्धत ठरलेली. आधी खणखणीत "जयभीम". मग थोडं थांबून "वा वा". मग "लई चांगलं झालं". आणि शेवटी "ठेव मंग". पलीकडचा काहीही बोलो, क्रम हाच. बरेच दिवस हे चालून गेलं, कारण बहुतेक फोनांत तसंही एवढंच लागतं. मग एकदा मुधोळहून कौशल्याबाईंच्या भावाचा, चंपतरावांचा, सासू गेल्याचा फोन आला. सर म्हणाले, "वा वा. लई चांगलं झालं."

चंपतराव चार महिने बोलले नाहीत. कौशल्याबाई स्वतः मुधोळला जाऊन भावाच्या दारात बसल्या आणि म्हणाल्या, "लायन खराब होती रे दादा." त्या दिवसापासून घराला तो एक शब्द सापडला. सुगतने, त्यांच्या मुलाने, तो उचलला. शेजारच्या भागाबाईंनी उचलला. सरांनी तर सगळ्यांच्या आधी उचलला.

एरवी याच्यावर आणखी दहा वर्षं निघाली असती. पण सुगतच्या बायकोला दिवस गेले, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर तिला माय नव्हती. सुगत हैदराबादेत एका कंपनीत संगणक दुरुस्तीचं काम करायचा, तो सकाळी जाऊन रात्री येणार. कौशल्याबाईंनी डिंक आणून ठेवला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, अन् तारीख महिन्यावर आली तरी त्या तामसीतच.

"तुमीबी चला," त्या सरांना म्हणत.

"मी येत नाई."

"मंग मी जाते."

"जाय ना. तुले कोनी धरलं?"

कोणी धरलं नव्हतं, हीच तर पंचाईत. एकदा त्या एका दिवसासाठी आदिलाबादला गेल्या होत्या. मागे सरांनी कुकर लावला आणि शेजारच्या खोलीत पेपर वाचत शिट्ट्यांची वाट पाहत बसले. भागाबाईंनी भिंतीपलीकडून चौदा मोजल्या, मग धावत आल्या. डाळीचा कोळसा झाला होता. सर म्हणाले, कुकरची शिट्टी खराब आहे. कुकर आदिलाबादला नेऊन नवी शिट्टी बसवून आणली, आणि तेव्हापासून कौशल्याबाईंनी घर सोडलं नव्हतं. तामसीत निदान सगळी माणसं समोर येऊन बोलायची. हैदराबादेत एवढी शिकवलेली माणसं कुठून आणायची? सर तिथे का येत नाहीत हे त्यांना कळत होतं. फक्त म्हणता येत नव्हतं.

अशात सुगत एका शनिवारी तामसीच्या बसमधून उतरला तो काखेत एक गाठोडं घेऊन. बायकोच्या दोन जुन्या साड्यांत गुंडाळलेलं होतं. कौशल्याबाईंना वाटलं, कोणाचं पोर घेऊन आला की काय. निघालं ते टाइपराइटरसारखं काहीतरी, कागद घालायला जागा नसलेलं.

"आई, हा कम्प्युटर."

"अन् बाकीचा?"

"एवढाच. सगळं याच्या पोटात हाय. पंधरा वर्सं जुना हाय, कंपनीनं दोन काढून टाकले, मी दोन्ही उचलले. एक माह्याकडं, एक इथं. टीव्हीले जोडाचा."

मग त्याने साडीच्या दुसऱ्या पदरातून एक काळी डबी काढली. तिच्यावर एक खटका. हा मोडेम. फोनची तार डबीत, डबीची तार कम्प्युटरात. खटका वर असला की फोनवर माणसं बोलणार, खाली केला की यंत्रं बोलणार. इकडे बाबांनी अक्षरं दाबली की तिकडे सुगतच्या टीव्हीवर उमटणार, तिकडची इकडे.

"लायन खराब राह्यते ना बाबा," सुगत वडिलांच्या समोर येऊन, डोळे मात्र डबीवर ठेवून म्हणाला. "आवाजाचं काई खरं नाई. अक्षराले काई होत नाई."

सर खुश झाले. यंत्राची वागणूक त्यांना सभ्य वाटली. दुपारभर बापलेक खपत होते. यंत्राला लागणारा कार्यक्रम एका कॅसेटमध्ये होता, तो टेपरेकॉर्डरवरून वाजवून त्याला ऐकवायचा. पहिल्यांदा चुकून सुगतच्या हळदीची कॅसेट लागली. यंत्राने पाच मिनिटं ती इमानदारीने ऐकली आणि टीव्हीवर एक ओळ लिहिली, ती वाचून सर म्हणाले, "चूक, म्हणते. बरोबर हाय त्याचं. तुही आत्या बेसूरच गाते."

संध्याकाळी सुगतने वहीत सूचना लिहायला घेतल्या. एक, टीव्ही लावा. दोन, कॅसेट वाजवा, हळदीची नाही. तीन, खटका वर ठेवून फोन लावा. चार, मी तिकडून यंत्र सुरू करीन. पाच, फोनमध्ये शिट्टी ऐकू आली की

इथे सुगतचा पेन थांबला.

कौशल्याबाई निवडत होत्या त्या ज्वारीवरून त्यांनी मान वर केली. सर कौतुकाने वहीकडे पाहत होते. सुगत उठून पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला आणि मागोमाग आई.

"आई, माह्या ध्यानातच नाई आलं."

"त्या डबीवर एखांदा दिवा नाई का रे लागत?"

"होता. थो मेला कधीचा. आमी तं ऐकूनच करतो."

"वा रे इंजिनेर! लंगड्याले घोडा देला, अन् म्हने पळत जाऊन चढ."

"मंग सांगू का बाबाले?"

"सांग ना."

"तू सांग."

"मी काऊन? डबी तू आनली."

सुगतने माठातलं पाणी पिऊन टाकलं. मग सुगत बाहेर गेला आणि पाचवी सूचना पूर्ण केली: शिट्टी ऐकू आली की खटका खाली. वीस सेकंदांत. नाहीतर माझ्याकडचं यंत्र बंद पडतं. सरांनी वाचलं, "सोपं हाय" म्हणाले, आणि सुगत दुसऱ्या दिवशीच्या बसने पाप धुवायला निघाल्यासारखा निघून गेला.

पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊला वेळ ठरली होती. नेमकी त्याच वेळी टीव्हीवर बायकांची मालिका असे, आणि गल्लीत टीव्ही सरांचाच. भागाबाई, ताराबाई, म्हाताऱ्या तुळजाबाई नेहमीसारख्या येऊन भिंतीला टेकल्या. टीव्हीवर निळा पडदा आणि एक उघडमीट करणारा ठिपका.

"आज काय दाखवून राह्यले?" तुळजाबाईंनी विचारलं.

"सुगत येनार हाय त्याच्यात," ताराबाई म्हणाल्या. मग कोणी उठेना.

सरांनी स्वच्छ सदरा घातला होता. त्यांनी फोनची चकती एकेक आकडा मनात म्हणत फिरवली, रिसीव्हर कानाला लावला आणि खटक्यावर बोट ठेवून ताठ बसले. फोन लागला. आणि मग त्या रिसीव्हरमधून अशी बारीक, लांब, न संपणारी शिट्टी निघाली की भागाबाईंनी कानात बोटं घातली.

"अवं माय! कोंबडी दाबली का कोनी?"

सर गंभीरपणे वाट पाहत होते. शिट्टी वाजत होती. माजघरातलं मांजर बाहेर गेलं. शिट्टी थांबली.

"अजून नाई वाजली," सर म्हणाले.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग सगळ्यांनी मिळून आढ्याकडे.

"नाई ना सर," ताराबाई मोठ्याने म्हणाल्या. त्या सरांच्याच विद्यार्थिनी. "कुठं वाजली? आमी बसलोच हाव ना इथं."

तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा शिट्टी वाजली. तिसऱ्या वेळी गल्लीतल्या कुत्र्याने तिला उत्तर दिलं. सरांनी रिसीव्हर ठेवला, टेलिफोनच्या कचेरीला दरख्वास्त लिहिली की शिट्टी येत नाही, आणि सोमवारी मारोती हजर. कौशल्याबाईंनी त्याला अंगणातच गाठून काय ते सांगितलं. त्याने डबी उलटीपालटी केली, तारेला कान लावला, आणि सरांपुढे उभं राहून म्हणाला, "सार, शिट्टी निघून राह्यली हैदराबादवरून. पन रस्त्यात अडकून राह्यली."

"कुठं?"

मारोतीने कौशल्याबाईंकडे पाहिलं. "निर्मलच्या घाटात," तो म्हणाला.

सरांनी मान डोलावली. पण त्या दिवशी ते जेवले कमी. संध्याकाळी यंत्रावर फडकं टाकून ठेवलं. कौशल्याबाईंना ते फडकं दिसत राहिलं. बसस्टँडच्या बाकावर मित्रांत बसणं सरांनी वर्षापूर्वी सोडलं होतं. विहारात वंदनेला गेले तरी ते सर्वांत मागे बसू लागले होते, म्हणजे कोणी काही विचारणार नाही. आता हेही झाकलं गेलं, तर या माणसापाशी उरलं काय? पेपर आणि आपण. अन् तिकडे पोरीचे दिवस भरत आलेले.

शनिवारी त्यांनी भाकर वाढली, सरांच्या पुढ्यात बसल्या, तोंडासमोर तोंड आणून म्हणाल्या, "अवो, उद्या फोन लावाल तवा मी चहा आनते. शिट्टीच्या टायमाले. बरोब्बर."

सरांचा घास हातात राहिला. त्यांनी बायकोकडे बराच वेळ पाहिलं. इतका वेळ, की कौशल्याबाईंना वाटलं, आता ताट सरकवून उठतात.

"कडक कर," सर म्हणाले.

दुसऱ्या रविवारी बायका मागच्यापेक्षा जास्त. मालिकेत नवराबायकोचं भांडण चालू होतं, ते बुडणार हे ठाऊक असूनही आल्या होत्या. कौशल्याबाई कपबशी घेऊन दारात उभ्या राहिल्या, एखाद्या शर्यतीच्या सुरुवातीला उभं राहावं तशा. सरांनी फोन लावला. तिकडे घंटी वाजत असावी, शिट्टीचा अजून पत्ता नव्हता, तोच भागाबाई कनवाळूपणे उठल्या आणि घरून आणलेली घुगऱ्यांची वाटी त्यांनी सरांच्या पुढ्यात ठक्कन ठेवली.

खटका खाली.

"अवं भागा!" कौशल्याबाई ओरडल्या.

"काय झालं? घुगऱ्याच हायेत. गरम हायेत."

सरांनी वाटीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, दारात चहा तसाच. त्यांचे कान, जे कामाचे नव्हते ते, लाल झाले. त्यांनी खटका वर केला आणि पुन्हा चकती फिरवायला घेतली. भागाबाईंना ताराबाईंनी मांडीला धरून बसवून ठेवलं.

घंटी. घंटी. मग शिट्टी निघाली.

कौशल्याबाईंनी कपबशी टेबलावर ठेवली. सरांचं बोट हललं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

पडद्यावरचा ठिपका थरथरला, आणि त्याच्या मागे एक अक्षर आलं. मग दुसरं. सावकाश, कोणी फळ्यावर खडूने लिहावं तसं. इंग्रजी अक्षरं, मराठी बोलणं. बायका पुढे सरकल्या. वाचता कोणालाच येईना, ताराबाईंनाही लागेना, पण सरांना आयुष्यभराची सवय, फळ्यावर लिहिलं की मोठ्याने वाचायचं.

"ज... य... भी... म... बाबा," सरांचा वर्गातला आवाज घरभर गेला. "जयभीम बाबा!"

"जयभीम," तुळजाबाईंनी पडद्याला हात जोडले.

सरांनी एका बोटाने उत्तर लिहिलं, लिहिता लिहिता वाचलं: "जयभीम. लाईन खराब आहे का."

"नाही बाबा. मस्त आहे," पडदा म्हणाला.

मग काय, दरवाजाच उघडला. सरांनी विचारलं, सूनबाई कशी आहे. उत्तर आलं, बरी आहे, पाय सुजतात. सरांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणतो. उत्तर आलं, दहा दिवस. सरांनी सुगतची एक चूक काढली, 'डॉक्टर'मध्ये अक्षर गाळलंस. सुगतने माफी मागितली आणि त्या माफीतही एक अक्षर गाळलं, त्यावर सर मान मागे टाकून हसले. भागाबाईंनी आपल्या पुतण्याच्या नोकरीचं विचारायला लावलं, तुळजाबाईंनी तिकडे पाणी पडलं का म्हणून. पण कौशल्याबाई काही विचारत नव्हत्या. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. दोन वर्षं या माणसाने न ऐकलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. आज तो प्रश्न विचारत होता आणि उत्तर येईपर्यंत श्वास धरून बसत होता. चहावर साय आली होती.

पुढची ओळ उमटली आणि सर वाचायचे थांबले.

"वाचा ना सर," ताराबाई म्हणाल्या. सरांची पाठ होती, त्यांना काय कळणार. पण ज्या माणसाने कधी मुलांना धडा अर्धा वाचून दाखवला नाही, त्याला ओळ गिळता येईना.

"आई कधी येते," त्यांनी वाचलं. मग एका बोटाने लिहू लागले, "घरी पाहायला कोणी नाही."

"मग दोघं या."

"प्रवास झेपत नाही."

"आदिलाबादहून सरळ बस आहे. मी स्टँडवर येतो."

सरांचं बोट हवेत थांबलं. घरात गलका झाला. सरांना अडचणीत पाहायची गल्लीला सवय नव्हती, आणि अडचणीतून काढायची भारी सवय होती.

"लिहा सर, गुडघे दुखतात म्हून!"

"लिहा, विहाराची वर्गनी जमा कराची हाय!"

"माह्या कोंबड्या पाहाच्या हायेत म्हून लिहा," भागाबाई म्हणाल्या. "मी कुठं नाई म्हन्ते!"

सर वळले. समोर चारपाच तोंडं उघडत होती, मिटत होती, सगळी आपल्या माणसांची, सगळी मायेची, आणि एकातूनही काही येत नव्हतं. मग त्यांनी नेहमीसारखं बायकोकडे पाहिलं. अशा वेळी ती काहीतरी करायची. ओठ हलवायची, बोट दाखवायची, भांडं ठेवायची.

कौशल्याबाईंनी दोन्ही हात मांडीत घेतले आणि तशाच बसून राहिल्या. ओठ घट्ट. पोटच्या पोराला विहिरीच्या काठावर एकटं सोडावं तसं त्यांना वाटत होतं. पण त्या हलल्या नाहीत.

पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं उमटली. फक्त दोन. सरांनी वळून ती वाचली.

"का."

पुढे तो ठिपका उघडमीट करत राहिला. सरांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं, चष्मा सारखा केला, आणि एकेक अक्षर शोधून दाबायला लागले. इतका वेळ ते पुस्तकी मराठी लिहीत होते, शाळेतल्यासारखी. आता लिहीत होते ती घरची होती. आणि सवयीने, लिहिता लिहिता, ते मोठ्याने वाचत होते, पार मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात:

"मले... ऐकू... येत... नाई."